बिडी-सिगरेटवाल्या पेशंटची स्पायरोमेट्री आपल्याच दवाखान्यात: कुणाची करायची, कशी करायची आणि आकडा त्याला कसा सांगायचा

असा पेशंट आपल्या ओपीडीत रोज येतो. वय पंचेचाळीस-पन्नास, आलाय कंबर दुखते म्हणून नाहीतर बीपीची गोळी संपली म्हणून, खोकला विचारला तर "तो काय नेहमीचाच", आणि शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल. आपण स्टेथोस्कोप लावतो, छाती साफ ऐकू येते, "बिडी सोडा हो आता" म्हणतो, ते "होय डॉक्टर" म्हणतात आणि पुढचा नंबर आत येतो. मी तालुक्याच्या गावात बरीच वर्षं हेच केलं. मग त्यातलेच काही जण दहा वर्षांनी दारातून खुर्चीपर्यंत येताना दोनदा थांबायला लागले आणि मला हे फार लागलं, कारण ते दहा वर्षं दर महिन्याला माझ्याच समोर बसत होते. फुफ्फुसाची ताकद बरीच उतरली तरी छाती साफ ऐकू येऊ शकते, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवू शकतो, एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. श्वासनळ्यांतला अडथळा मोजणारी टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्रीच, मशीनमध्ये जोरात फुंकवून हवा किती आणि किती वेगाने बाहेर येते ते बघायचं, आणि ती जनरल प्रॅक्टिसमध्ये नीट करता येते. कशी ते सविस्तर लिहितोय, एमबीबीएस असोत, बीएएमएस असोत, बीएचएमएस असोत, ज्यांच्याकडे हे पेशंट पहिल्यांदा येतात त्या सगळ्यांसाठी.

आधी कुणाची करायची ते

प्रत्येक बिडीवाल्याला मशीनसमोर बसवायचं का? नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या टास्क फोर्सने २०१६ मध्ये आणि परत २०२२ मध्ये सांगितलंय की काहीच लक्षण नसलेल्या माणसाची सीओपीडीसाठी (धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजारासाठी) सरसकट तपासणी करू नका, त्याने फायदा दिसत नाही. मला हे पटतं, पण एक अडचण आहे. आपला पेशंट लक्षण सांगतच नाही, कारण त्याला ते लक्षण वाटतच नाही. सकाळचा खोकला म्हणजे त्याच्यासाठी दात घासण्यासारखं रोजचं काम. त्यामुळे "काही त्रास आहे का" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर "नाही"च येतं.

मी असं विचारतो: सकाळी उठल्यावर बेडका पडतो का, किती दिवस झाले? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? खताचं पोतं मागच्या दोन-तीन वर्षांपूर्वी कुठपर्यंत एका दमात न्यायचात आणि आता कुठे टेकवता? गडाच्या किंवा देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागतं का? दर पावसाळ्यात, दर थंडीत छाती भरते का आणि बरं व्हायला तीन-तीन आठवडे लागतात का? बायको बरोबर आली असेल तर हेच प्रश्न तिला विचारा, ती जास्त खरं सांगते. आणि "दम लागतो का" ला नाही म्हणणारा माणूस "धाप लागते का" ला हो म्हणतो, तेव्हा दोन्ही शब्द वापरा.

मग ओढण्याचा हिशोब. सिगरेटसाठी पॅक-इयर्स असतात, म्हणजे रोजच्या सिगरेटी भागिले २० गुणिले वर्षं. बिडीला आपल्याकडे स्मोकिंग इंडेक्स सोपा पडतो, रोजच्या बिड्या गुणिले वर्षं, १०० च्या आत कमी, ३०० च्या वर भारी. पेशंटला बिड्यांचा नग विचारू नका, "बंडल किती दिवस पुरतं" विचारा, आकडा बरोबर येतो. बिडीत तंबाखू कमी असते म्हणून ती सौम्य, हा समज पेशंटचा असतो आणि कधीकधी आपलाही. बिडी विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते, फिल्टर नाही, उलट टार जास्त जातं.

तर वय ३५-४० च्या पुढे, ओढणं चालू किंवा सोडलेलं, आणि वरच्यातलं एक जरी हो आलं तरी टेस्ट करायची. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही हाच नियम लावा, त्यांनी एकही बिडी ओढलेली नसते पण धूर तोच असतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला तो याच विषयावर.

कुणाची आज करायची नाही

आपल्याकडे सगळ्यात आधी टीबीचा विचार. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन उतरलेलं, संध्याकाळचा ताप, थुंकीतून रक्त, यातलं काही असेल तर आधी थुंकीची तपासणी आणि एक्स-रे, मशीन नंतर. बिडीवाल्याचा खोकला कायमचाच असतो म्हणून हा नियम त्याला लागू नाही असं समजू नका. खोकल्याची जात बदलली असेल, वाढला असेल, तर तो नवा खोकला धरायचा. जोरात फुंकताना खोकून खोकून सगळी खोली भरते, आणि तुमची सिस्टर तिथेच उभी असते.

आठवड्याभरातला हार्ट अटॅक किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन, महिन्याभरातलं पोटाचं, छातीचं किंवा मेंदूचं ऑपरेशन, फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा, या सगळ्यांना थांबवा. हार्ट अटॅकनंतर मी स्वतः महिनाभर थांबतो, घाई काहीच नसते. मोतीबिंदूचं मुद्दाम विचारा, कारण कॅम्पात ऑपरेशन करून आलेला माणूस ते आपणहून सांगत नाही, छातीच्या टेस्टला डोळ्याचं काय असं त्याला वाटतं. आणि तीव्र खोकला-सर्दी चालू असेल तर चार ते सहा आठवड्यांनी बोलवा, नाहीतर आकडा खोटाच खाली येतो आणि माणसाला नसलेल्या ग्रेडचं लेबल लागतं.

मशीन

मोठं मशीन नको, छोटं टर्बाइनचं लॅपटॉपला जोडायचं असतं ते चालतं, पण तीन गोष्टी बघून घ्या. स्क्रीनवर फुंकतानाच ग्राफ दिसला पाहिजे, नुसता आकडा दाखवणारं नको. दोन्ही ग्राफ छापता आले पाहिजेत, फ्लो-व्हॉल्यूम (हवेचा वेग) आणि व्हॉल्यूम-टाइम (वेळेनुसार किती हवा आली). आणि तीन लिटरच्या सिरिंजने तपासता आलं पाहिजे, चूक ३ टक्क्यांच्या आत. सिरिंज महाग पडते, दोन-तीन दवाखान्यांनी मिळून घ्या.

त्याशिवाय रोजच्या भरवशासाठी एक माणूस ठरवा. आमचे कंपाउंडर बिडी ओढत नाहीत, दमा नाही, ते दर सोमवारी सकाळी फुंकतात आणि त्यांचा आकडा वहीत लिहिलेला असतो. एका पावसाळ्यात त्यांचा आकडा एकदम घसरला. माणूस ठणठणीत होता, टर्बाइनमध्ये केस अडकला होता. त्या आठवड्यात वही बघितली नसती तर चार-पाच लोकांना मी आजारी ठरवलं असतं.

फिल्टर प्रत्येक पेशंटला नवीन, वापरला की फेकायचा. तो धुऊन परत वापरणं मी बघितलंय, कृपा करून करू नका, टीबीच्या देशात तर नाहीच. खोलीची खिडकी उघडी.

मशीनमधली एक सेटिंग बहुतेक जण बघतच नाहीत, ती म्हणजे "अपेक्षित" आकडा कुठल्या लोकांवरून काढलाय. मशीन गोऱ्या युरोपियन लोकांवर सेट असेल तर आपला धडधाकट माणूससुद्धा ८०-८५ टक्के दाखवतो, कारण त्याच उंचीला आपली फुफ्फुसं सरासरी लहान असतात. भारतीय समीकरणं असतील तर ती लावा, नाहीतर जीएलआय, म्हणजे अनेक देशांतल्या लोकांवरून काढलेली, आणि कुठलं लावलंय ते रिपोर्टवर लिहा, दर वर्षी तेच ठेवा. एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरं लावलं तर टक्के काहीच सांगत नाहीत. बरं, एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकेत आलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तर मात्र या भानगडीतून बऱ्यापैकी सुटतं, म्हणून आधी नेहमी तेच बघायचं.

आदल्या दिवशी काय सांगायचं

टेस्टच्या आधी तासभर बिडी नाही, पळापळ नाही, दारू आठ तास आधीपासून बंद, पोट तडस लागेपर्यंत भरलेलं नको. इनहेलर चालू असेल तर निदानाच्या टेस्टसाठी साल्ब्युटामॉल चार ते सहा तास थांबवा, दिवसातून दोनदा घ्यायचे फॉर्मोटेरॉल-सालमेटेरॉलवाले २४ तास, टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास. पण ज्याला इनहेलरशिवाय राहवत नाही त्याला तसा त्रास देऊ नका, चालू औषधावर करा आणि तसं लिहा. हे सगळं मी मराठीत छापून चिठ्ठी देतो, तोंडी सांगितलेलं एसटीत बसेपर्यंत विसरतं.

खुर्चीत बसवल्यावर

उंची स्वतः मोजा, चप्पल काढून, भिंतीला टाच लावून. पेशंटला विचारून लिहिलेली उंची चुकते आणि अख्खा अपेक्षित आकडा त्या उंचीवर उभा असतो. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या माणसाची दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि त्यावरून उंची काढा.

बसून करायची, हाताच्या खुर्चीत, चाकं नसलेल्या. जोरात फुंकताना काहींना गरगरतं. पट्टा, नाडी सैल करायला लावा. नाकाला चिमटा.

आणि तोंड उघडायला लावा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. बिडीवाल्याच्या गालात बऱ्याचदा तंबाखूचा बारही असतो, तो थुंकून चूळ भरायला लावा. कवळी घट्ट असेल तर राहू द्या, ढिली असेल तर काढा. गुटख्यामुळे तोंड दोनच बोटं उघडत असेल तर मोठं तोंडाचं नळकांडं आत जात नाही, कडेनं हवा सुटते, त्याच्यासाठी लहान मापाचं ठेवा. तोंड उघडलंच आहे तर टॉर्च मारून गाल, जीभ, जिभेखाली बघून घ्या, पांढरा चट्टा, न भरणारी जखम. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फुंकायला शिकवणं

सगळी टेस्ट इथे होते किंवा बिघडते. मशीन कितीही भारी घ्या, शिकवणारा माणूस कच्चा असेल तर कागद टाकाऊ. पेशंटने आयुष्यात असं कधी फुंकलेलंच नसतं. त्याला फुंकणं म्हणजे फुगा फुगवणं माहीत असतं, शंख माहीत असतो, चूल पेटवायची फुंकणी माहीत असते, आणि या तिन्हींत गाल फुगतात आणि हवा हळूहळू जाते. म्हणून नुसतं "जोरात फुंका" म्हणलं की तो फुंकणीसारखं फुंकतो आणि आकडा अर्धा येतो.

आधी स्वतः करून दाखवा, नुसत्या वेगळ्या नळकांड्यात. मग सांगा: "छाती गच्च भरेस्तोवर श्वास घ्यायचा, आता मावत नाही इथपर्यंत, आणि थांबायचं नाही, लगेच एकदम फटकन् सोडायचा, बंदुकीसारखा, आणि मग संपला वाटलं तरी सोडत राहायचं, मी बास म्हणेपर्यंत." जीभ नळकांड्याच्या खाली, ओठ घट्ट मिटलेले. टेस्ट चालू असताना तुम्ही गप्प बसायचं नाही, ओरडायचं: "घ्या घ्या घ्या अजून घ्या, सोडाऽऽ, सोडा सोडा सोडा, अजून आहे, अजून आहे, पोट आत घ्या, सोडत राहा..." बाहेरच्या बाकावरचे पेशंट दचकतात, सवय होते. हळू आवाजात शिकवलेली स्पायरोमेट्री चांगली येत नाही हे मी शेकडो वेळा बघितलंय.

कधी थांबायचं ते ग्राफवर दिसतं. व्हॉल्यूम-टाइमची रेघ वर चढून सपाट झाली, शेवटच्या सेकंदात २५ मिलीपेक्षाही कमी हवा आली, की बास. अडथळा असलेल्या माणसाला सपाट व्हायला दहा-बारा सेकंदही लागतात, १५ सेकंदांच्या पुढे ताणू नका. सहा सेकंदांना थांबवायची जुनी सवय असेल तर सोडा, सीओपीडीवाल्याची एफव्हीसी त्यात कमी भरते आणि गुणोत्तर खोटंच चांगलं दिसतं, म्हणजे नेमका ज्याला पकडायचंय तोच सुटतो.

तीन चांगल्या फुंका हव्यात, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोघींच्या एफईव्ही-वनमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको, एफव्हीसीचंही तसंच. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर आजचा दिवस सोडा, दुसऱ्या दिवशी बोलवा. पेशंटला "तुम्हाला जमत नाही" असं चुकूनही म्हणू नका, तो परत येत नाही.

फ्लो-व्हॉल्यूम ग्राफचे आकार नजरेत बसवा, यासाठी कोर्स लागत नाही, वीस-पंचवीस ग्राफ नीट बघितले की येतं. चांगली फुंक सरळ वर उसळते, वर टोकदार असते आणि मग उतरते. टोक गोलसर, डोंगरासारखं, म्हणजे सुरुवातच ढिली झाली. मधेच दात पडल्यासारखी खाच, म्हणजे खोकला आला, आणि तो पहिल्या सेकंदात असेल तर ती फुंक बाद. शेवटी रेघ एकदम उभी खाली पडली तर त्याने मध्येच सोडून दिलं. आणि उतरणारी बाजू आत गेलेली, लेकराच्या झोळीसारखी पोटात झोळलेली दिसली, तर अडथळा. एकदा ही झोळी ओळखता आली की आकड्याकडे जायच्या आधीच तुम्हाला कळतं.

इनहेलर द्यायचा आणि ती पंधरा मिनिटं

पहिल्या फेरीत गुणोत्तर ०.७० किंवा वर असेल तर बहुतेक वेळा इथेच थांबता येतं, गोल्ड या सीओपीडीवरच्या जागतिक गटाच्या २०२५ च्या अहवालातही तसंच आहे, फक्त शंका दाट असेल तर पुढे जा. ०.७० च्या खाली असेल तर साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या १०० च्या पंपाचे चार पफ, स्पेसरमधून, एकेक करून. मग १५ मिनिटं थांबून परत तीन चांगल्या फुंका. निदान या दुसऱ्या फेरीच्या आकड्यावर करायचं. कॅम्पमध्ये हा भाग गाळतात, एकदा फुंकवून कागद हातात देतात, आणि त्यातले काही जण साधे दम्याचे असतात.

ही पंधरा मिनिटं पेशंटला बाहेर बाकावर पाठवून वाया घालवू नका. तो आत्ताच जीव खाऊन फुंकलाय, त्याला स्वतःलाच छातीत काय चाललंय ते जाणवलंय, बिडीबद्दल बोलायला यापेक्षा चांगली वेळ नाही. पहिली बिडी उठल्यावर किती वेळाने लागते ते विचारा, अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय घट्ट आहे, नुसत्या मनावर सुटणार नाही. आधी कधी सोडली होती का, किती दिवस, परत कशाने चालू झाली? उत्तरं कागदावर लिहा, पुढे लागतात.

आकडा वाचणं

खऱ्यासारखं एक उदाहरण घेतो. वय ५२, उंची १६८ सेंटीमीटर, रोज १५ बिड्या २८ वर्षं, इंडेक्स ४२०. पहिल्या फेरीत एफव्हीसी ३.३० लिटर, एफईव्ही-वन २.१०, गुणोत्तर ०.६४. इनहेलरनंतर ३.४५ आणि २.२५, गुणोत्तर ०.६५.

पहिला प्रश्न, फुंका चांगल्या होत्या का? ग्राफ बघा, नसतील तर पुढे वाचूच नका. दुसरा, इनहेलरनंतरचं गुणोत्तर ०.७० च्या खाली आहे का? आहे, म्हणजे अडथळा कायम आहे. तिसरा, इनहेलरने किती सुधारलं? १५० मिली, म्हणजे ७ टक्के. जुना नियम १२ टक्के आणि २०० मिलीचा, त्याच्या खालीच. मोठी उडी असती, लहानपणापासून शिंका-खाज-घरघर असती, तर दम्याकडे बघितलं असतं. चौथा, एफईव्ही-वन अपेक्षितच्या किती टक्के? समजा मशीनने अपेक्षित ३.०५ दाखवलं, तर ७४ टक्के. ८० च्या वर ग्रेड एक, ५० ते ७९ दोन, ३० ते ४९ तीन, ३० च्या खाली चार. हा दोन.

आता लगेच शिक्का मारायचा नाही. गुणोत्तर ०.६० ते ०.८० च्या मध्ये असेल तर दुसऱ्या दिवशी परत करून खात्री करा, काठावरचे आकडे इकडून तिकडे जातात. शिवाय ०.७० ही सगळ्यांना एकच रेघ आहे, सत्तरीच्या पुढच्या निरोगी माणसातही गुणोत्तर त्याखाली जाऊ शकतं आणि पस्तिशीच्या माणसात ०.७२ सुद्धा बरं नसू शकतं. मशीन त्या वयाची खालची मर्यादा वेगळी दाखवत असेल तर तीही बघा. आणि आपल्याकडे एक गोष्ट विसरायची नाही: जुना टीबी झालेल्या माणसातही असाच अडथळा येतो. "पूर्वी सहा महिन्यांचा कोर्स झालाय का" हे विचारा आणि एक्स-रे एकदा काढाच.

गुणोत्तर चांगलं पण एफईव्ही-वन आणि एफव्हीसी दोन्ही ८० च्या खाली, असं बिडीवाल्यांत बरंच दिसतं. आधी फुंक अर्धवट होती का बघा. खरंच असेल तर त्याला नॉर्मल म्हणू नका, एक्स-रे, आणि वर्षाने परत, यातले काही जण पुढे सीओपीडीत जातात.

छातीच्या तज्ज्ञांकडे कधी? एफईव्ही-वन ५० च्या खाली, वय चाळिशीच्या आत, थुंकीत रक्त, ऑक्सिजन बसल्याजागी ९२ किंवा कमी, किंवा धाप आणि आकडा जुळत नसेल तर, कारण धाप हृदयाचीही असते.

पेशंटला काय आणि कसं सांगायचं

लेख लिहायला बसलो तो खरं तर या भागासाठी. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरच्या पाच जनरल प्रॅक्टिसमध्ये ३५ च्या पुढच्या ५६१ धूम्रपान करणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, २००८ मध्ये बीएमजेमध्ये आला. सगळ्यांची स्पायरोमेट्री झाली, सगळ्यांना सोडायचा सल्ला दिला. फरक एवढाच की निम्म्यांना नुसता लिटरमधला आकडा सांगितला आणि निम्म्यांना "तुमच्या फुफ्फुसाचं वय इतकं" असं समजावून सांगितलं. वर्षाने तपासून बघितलं तर पहिल्या गटात ६.४ टक्क्यांनी सोडलं होतं आणि दुसऱ्यात १३.६ टक्क्यांनी. टेस्ट तीच, मशीन तेच. आणि ज्यांचं फुफ्फुसाचं वय वाईट आलं त्यांनीच जास्त सोडलं असंही नाही, ज्यांचं चांगलं आलं त्यांनीही सोडलं. म्हणजे घाबरवणं कामाला आलं नाही, समजेल अशा भाषेत सांगणं कामाला आलं.

फुफ्फुसाचं वय काढायची १९८५ ची मॉरिस आणि टेम्पल यांची समीकरणं इंटरनेटवर सहज मिळतात, पण ती जशीच्या तशी लावू नका. ती अमेरिकन लोकांवरची आहेत, आपल्या माणसाचं वय त्यात उगीचच दहा-पंधरा वर्षं जास्त येतं. खोट्या आकड्याने घाबरवलेला माणूस एक दिवस दुसऱ्या डॉक्टरकडून खरा ऐकतो आणि मग आपल्यावर कायमचा विश्वास सोडतो. मी असं करतो: मशीनमध्ये आपण लावलेल्याच समीकरणात, तीच उंची ठेवून वय वाढवत जातो, अपेक्षित आकडा पेशंटच्या आकड्याला येऊन भिडला की ते त्याचं फुफ्फुसाचं वय. वरच्या ५२ च्या माणसाचं ऐंशीच्या आसपास येतं. त्याच्या समोरच करतो, स्क्रीन त्याच्याकडे वळवून.

मग एका कागदावर रेघ काढतो. फ्लेचर आणि पीटो या दोघांनी लंडनमधल्या पुरुषांना आठ वर्षं तपासून १९७७ मध्ये काढलेली ती रेघ, आपण सगळ्यांनी कॉलेजात बघितलेली. न ओढणाऱ्याची रेघ हळूहळू उतरते, ओढून त्रास होणाऱ्याची भराभर उतरते, आणि ज्या वयात सोडलं तिथून ती परत हळूहळू उतरणारी होते. गेलेलं परत येत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण पुढचं वाचतं. अमेरिकेतल्या लंग हेल्थ स्टडीत अकरा वर्षांनी बघितलं तेव्हा ओढत राहिलेल्या पुरुषांचे वर्षाला सरासरी ६६ मिली जात होते आणि सोडलेल्यांचे ३० मिली. विहिरीचं पाणी सांगितलं की शेतकऱ्याला पटकन कळतं: झरे आटलेत, नवीन पाणी येणार नाही, जे आहे ते रोज किती उपसायचं तेवढं आपल्या हातात.

आणि नॉर्मल आलेल्याचं काय? मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. "नॉर्मल आहे" एवढं बोलून कागद दिला तर तो घरी जाऊन सांगतो, डॉक्टरांनीच सांगितलं काही झालेलं नाही, आणि संध्याकाळी बिडी पेटवतो. म्हणून "नॉर्मल" हा शब्द मी एकटा सोडत नाही. "अजून रेघ वरच आहे, आत्ता सोडली तर वरच राहील, बहुतेकांना इतक्या वेळेवर कळत नाही, तुम्हाला कळलंय" असं सांगतो. आणि हेही, की या टेस्टला हृदयाचं, तोंडाच्या किंवा फुफ्फुसाच्या कॅन्सरचं काहीच कळत नाही.

त्याच बैठकीत पुढचं

आकडा सांगून "विचार करा" म्हणून पाठवलं तर गरम तवा थंड होतो. त्याच वेळी तारीख ठरवा, दोन आठवड्यांच्या आतली, आणि त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. बायकोला, मुलाला आत बोलवा, त्यांच्या समोर. सवय घट्ट असेल तर निकोटीनची गोळी-च्युइंगम द्या, दोन मिलिग्रॅम, रोज २५ च्या वर असेल तर चार. चघळायची पद्धत शिकवा: थोडं चावायचं, झणझणलं की गालात ठेवायचं, परत थोडं चावायचं. सुपारीसारखं सलग चावलं तर उचक्या आणि मळमळ, आणि दोन दिवसांत फेकून देतो. झटके येणारा पेशंट नसेल तर ब्युप्रोपिऑन, किंवा व्हॅरेनिक्लिन, हेही जनरल प्रॅक्टिसमध्ये देता येतं. सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, नंबर चिठ्ठीवर छापून ठेवा.

आपल्याकडची खरी पळवाट म्हणजे बिडी सुटते आणि तंबाखूचा बार नाहीतर मिश्री चालू होते. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते, देशात १०.७, पण चघळणारे-घासणारे २४.४ टक्के. पुढच्या वेळी आल्यावर "बिडी सुटली का" एवढंच विचारू नका, "तंबाखूचं काय" हेही विचारा आणि तोंड परत उघडायला लावा.

सीओपीडी पक्का झालाच तर इनहेलर, आणि तो कसा घ्यायचा ते समोर घ्यायला लावून बघणं, फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकॉकलची लस, चालण्याचा व्यायाम. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे मावणार नाही.

परत कधी बोलवायचं? सोडायच्या तारखेनंतर आठवड्याने, कारण पहिल्या आठवड्यातच सगळ्यात जास्त जण परत वळतात, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. या मधल्या भेटींत स्पायरोमेट्री करायची गरज नाही, नुसतं दोन मिनिटं बोला. फोन केला तरी चालतो, आमच्याकडे सिस्टर करतात. परत ओढायला लागलेला असेल तर न रागावता नवी तारीख. मशीनसमोर वर्षाने, शक्यतो त्याच महिन्यात, त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर, आणि टक्के न लिहिता लिटर लिहा. फाइलच्या पहिल्या पानावर मी एक छोटा तक्ता चिकटवतो, तारीख, वजन, इनहेलरनंतरचा एफईव्ही-वन, एफव्हीसी, रोजच्या बिड्या, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी पेशंट जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. एका काकांच्या तक्त्यात पहिल्या वर्षी २.२५ आणि १५ बिड्या आहेत, दुसऱ्या वर्षी २.२० आणि ६, तिसऱ्या वर्षी २.२० आणि शून्य, आणि त्या रकान्यात लिहिलंय, "नातू आता जवळ येऊन झोपतो, आधी वास येतो म्हणायचा."